४८ सेकंदांचा इतिहास

२००३ सालच्या कॅटमध्ये १५० प्रश्न होते आणि वेळ होता १२० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, आकडेमोड करायची, पर्याय निवडायचा आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल पेन्सिलने काळा करायचा. (तो पेपर फुटला आणि २००४च्या फेब्रुवारीत फेरपरीक्षा झाली, ती गोष्ट वेगळी.) २०२१च्या कॅटमध्येही वेळ १२० मिनिटंच होता. प्रश्न मात्र ६६. एका प्रश्नाला साधारण १०९ सेकंद.

परीक्षेचं नाव तेच, घेणाऱ्या संस्था त्याच. मग १८ वर्षांत एका प्रश्नाचा वेळ दुपटीहून जास्त कसा झाला? आयआयएमना अचानक सावकाश विचार करणारी मुलं आवडायला लागली का?

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय २८, नोकरी सांभाळून कॅटची तयारी करतोय. या वर्षी माझे सलग सात मॉक एकाच आकड्याभोवती घुटमळत होते. ज्याला विचारावं तो एकच सल्ला देतो, ‘स्पीड वाढव.’ पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. सिस्टिममधली एखादी मर्यादा आड येत असेल, तर ती कोणी घातली आणि कशासाठी घातली हे आधी बघायचं. म्हणून मी स्पीड वाढवण्याआधी घड्याळाचा इतिहास वाचायला घेतला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय, कारण मॉकचे गुण वाढवायला ते खरंच उपयोगी पडतं.

घड्याळ आलं कुठून?

परीक्षा जुन्याच आहेत. चीनमध्ये सरकारी नोकरीसाठी शेकडो वर्षं परीक्षा होत होत्या आणि त्या १९०५ साली बंद झाल्या. पण तिथे उमेदवार निबंध लिहायचे. सेकंदांवर चालणारी, पर्यायांतून उत्तर निवडायची परीक्षा ही विसाव्या शतकातल्या अमेरिकेची देणगी.

१९१५च्या सुमारास कॅन्सास राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने मुलांच्या मूकवाचनाची चाचणी तयार केली. एकाच उत्तरपत्रिकेला दोन शिक्षक वेगवेगळे गुण देतात, ही त्याची अडचण होती. उपाय साधा होता. प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर ठेवायचं, म्हणजे तपासणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही आणि तपासणीही झटपट होते. मुलांना वेळ दिला पाच मिनिटं.

दोनच वर्षांत अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो तरुणांची भरती करायची होती. त्यातून कोणाला कुठे पाठवायचं हे ठरवण्यासाठी रॉबर्ट यर्किस या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली लष्कराने चाचण्या घेतल्या. वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’, न येणाऱ्यांसाठी ‘आर्मी बीटा’. सुमारे १७ लाख लोकांनी या चाचण्या दिल्या. प्रत्येक भागाला मोजकी मिनिटं. सगळे प्रश्न सगळ्यांचे सोडवून व्हावेत अशी अपेक्षाच नव्हती. कोण किती पुढे जातो, त्यावर माणसांची रांग लावायची होती.

या कामात कार्ल ब्रिगम नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ होता. पुढे त्यानेच कॉलेज प्रवेशासाठी सॅट तयार केली. १९२६ सालच्या पहिल्या सॅटमध्ये ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न होते. एका प्रश्नाला जेमतेम १८ सेकंद! आपल्या ४८ सेकंदांची तक्रार इथे गप्प बसते.

याच ब्रिगमने १९२३ साली लष्कराच्या आकड्यांवरून एक पुस्तक लिहिलं होतं. कोणत्या वंशाची माणसं जन्मतः जास्त हुशार, याचे निष्कर्ष त्यात होते. १९३० साली त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा नाही त्यांना इंग्रजी चाचणी देऊन त्यांची बुद्धी मोजता येत नाही, हे त्याला पटलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

उरलेलं काम यंत्राने केलं. रेनॉल्ड जॉन्सन नावाचा एक माजी शाळाशिक्षक आयबीएममध्ये गेला. पेन्सिलीच्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, एवढ्यावर त्याने उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र उभं केलं. आयबीएम ८०५ हे त्याचं नाव, आणि ते १९३८च्या सुमारास बाजारात आलं. याच जॉन्सनच्या गटाने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बनवली. आपण काळे करत आलो ते गोल आणि आपल्या लॅपटॉपची डिस्क हे दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर आहेत.

थोडक्यात, या घड्याळामागे गरज होती ती थोड्या वेळात, थोड्या खर्चात, पुष्कळ माणसं चाळून काढायची. शहाणपण मोजायचं तर घड्याळ लावा, असं कुठल्या शास्त्राने आधी सिद्ध केलं आणि मग परीक्षा आल्या, असं काही घडलेलं नाही.

बिझनेस स्कूलच्या दारात

१९५३ साली काही अमेरिकन बिझनेस स्कूल एकत्र आली आणि त्यांनी ईटीएस या परीक्षा संस्थेबरोबर एक प्रवेश परीक्षा आखली. १९५४ साली ती पहिल्यांदा झाली. तीच आजची जीमॅट. भारतात १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबादची आयआयएम सुरू झाली. कोलकात्याला एमआयटीची मदत होती, अहमदाबादला हार्वर्डची. पुढे आयआयएमच्या प्रवेशासाठी कॅट आली आणि तिच्यातही पर्याय, घड्याळ आणि चाळणी हाच ढाचा राहिला.

पण कॅटचं घड्याळ एका जागी थांबलं नाही. २००६ साली १५० मिनिटांत ७५ प्रश्न झाले, म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटं. २००९ साली परीक्षा कागदावरून संगणकावर गेली आणि एका दिवसाऐवजी अनेक दिवस चालली. वेगवेगळे पेपर आले, तसे कच्चे गुण एका मापात आणायची गरज पडली. २०११ ते २०१३ या काळात दोन विभाग होते आणि प्रत्येकाला ७० मिनिटं बांधून दिलेली होती. २०१५ला तीन विभाग आले, प्रत्येकी ६० मिनिटं. पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे प्रश्न आणि स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटरही तेव्हाचाच. कोविडच्या वर्षी, २०२०ला, विभाग ४० मिनिटांचा झाला आणि तो तसाच राहिला.

या आकड्यांत दोन बदल दिसतात. प्रश्न कमी झाले आणि जड झाले, हा पहिला. ४८ सेकंदांच्या परीक्षेत हात भरभर चालणाऱ्याचा फायदा होता. १०९ सेकंदांच्या परीक्षेत फायदा होतो तो कोणता प्रश्न हातात घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे कळणाऱ्याचा. दुसरा बदल म्हणजे विभागांना कुलूप लागलं. पूर्वी गणितात वाचवलेला वेळ इंग्रजीत खर्च करता यायचा, आता तो वाया जातो.

‘स्पीड वाढव’ हा सल्ला पहिल्या परीक्षेचा आहे. जुने लोक तो आजच्या मुलांना देतात. ज्यांनी तो पेपर दिला त्यांच्यासाठी तो खराच होता.

शून्याचं गणित

आज बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि पर्यायाच्या चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. पर्याय चार. डोळे मिटून ठोकलं तर चारातून एकदा ३ मिळतील आणि तीनदा १ जाईल. हिशेब शून्य. हा योगायोग नाही. अंदाजाने मिळणारे गुण बरोबर कापले जावेत म्हणून पर्यायांच्या संख्येतून एक वजा करून दंड ठरवायचा, हे सूत्र वस्तुनिष्ठ परीक्षांइतकंच जुनं आहे.

पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर उरलेल्या तिनांत ठोकणं फायद्याचं ठरतं. सरासरी प्रश्नामागे एक तृतीयांश गुण. दोन बाद झाले तर पूर्ण एक गुण. टाइप करायच्या उत्तराला तर दंडच नाही, तो रकाना रिकामा ठेवण्यात काहीच अर्थ नाही. मॉकच्या शेवटच्या दोन मिनिटांत नेमकं काय करायचं, याचं उत्तर एवढ्यात आलं.

आणखी एक आकडा. गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्मे, कधी त्याहूनही कमी मिळवणारे ९९ पर्सेंटाइलला पोचले आहेत. २२ प्रश्नांच्या गणित विभागात १२ प्रश्न बरोबर आले, तर ते चांगले गुण. ४० मिनिटांत १२ प्रश्न, म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं २० सेकंद. १०९ सेकंदांचं दडपण तिथेच उतरतं.

‘आपलं डोकंच स्लो आहे’

हे वाक्य माझ्या रूममेटचं. तो लातूर जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. कोडमध्ये त्याच्याइतका पक्का माणूस आमच्या टीममध्ये नाही. पण मॉकमधल्या इंग्रजीच्या विभागात उतारा एकदा वाचून त्याला पुरत नाही. दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा तो त्याचा होतो, आणि तोवर चौथ्या उताऱ्याची मिनिटं गेलेली असतात. एका रविवारी मॉक संपल्यावर तो म्हणाला, ‘सोड भावा, आपलं डोकंच स्लो आहे.’

मी त्याला ब्रिगमची गोष्ट सांगितली. मग आम्ही एक शीट उघडली. रकाने चारच होते. प्रश्न क्रमांक, किती सेकंद लागले, बरोबर की चूक की सोडला, आणि सुरुवातीच्या ३० सेकंदांत वाट दिसली होती का. नऊ मॉकच्या नोंदी झाल्या, तेव्हा दोघांच्याही शीटमध्ये एकच गोष्ट ठळक होती. चुकलेल्या प्रश्नांना बरोबर आलेल्यांपेक्षा जास्त वेळ गेला होता. प्रश्नात चार मिनिटं घातली की तो सोडवत नाही, म्हणून आणखी दोन घालायची. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, ते हेच.

त्यावरून आम्ही नियम ठरवले. गणितात दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत सगळे २२ प्रश्न बघायचे आणि ज्यांची वाट ३० सेकंदांत दिसते तेवढेच सोडवायचे. दुसऱ्या फेरीत खुणा केलेले. साडेतीन मिनिटं झाली की प्रश्न कुठेही असो, बाहेर पडायचं. लॉजिकच्या विभागात पहिली पाच मिनिटं फक्त सगळे सेट वाचायची. ती मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतात, पण चुकीच्या सेटमध्ये गेलेली १५ मिनिटं त्याहून महाग पडतात. इंग्रजीत त्याने चारांपैकी तीनच उतारे घ्यायचे, प्रत्येकी दहा मिनिटं आणि दोनदा वाचून. उरलेली दहा मिनिटं छोट्या प्रश्नांना.

पुढच्या पाच मॉकमध्ये इंग्रजीतले त्याचे गुण २१ वरून ३४ वर गेले. त्याचा वाचायचा वेग तोच आहे, तो मी मोजलाय. बदलली ती फक्त वाटणी.

दुसरं घड्याळ

एक सावधगिरी. महाराष्ट्रातली पुष्कळ मुलं कॅटबरोबर राज्याची एमबीए सीईटीही देतात, मुंबईच्या जमनालाल बजाजसाठी किंवा पुण्यातल्या ‘पुम्बा’साठी. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न येत आले आहेत, आणि चुकीला दंड नाही. एका प्रश्नाला ४५ सेकंद. म्हणजे २००३च्या कॅटचं घड्याळ तिथे अजून चालू आहे. कॅटची निवांत निवड तिथे नेली तर ५० प्रश्न कोरे राहतील, आणि सीईटीची घाई कॅटमध्ये आणली तर गुण कापून हातात येतील. दोन्हींचे मॉक एकाच आठवड्यात मिसळू नका. नोव्हेंबरपर्यंत एक घड्याळ, मग दुसरं.

कोणाला किती वेळ

दिव्यांग उमेदवारांना कॅटच्या ४० मिनिटांच्या विभागात १३ मिनिटं २० सेकंद जादा मिळतात. हे अगदी योग्य आहे. आणि त्यातच एक कबुलीही आहे, की तेवढ्याच मिनिटांची किंमत प्रत्येकाला वेगवेगळी पडते. भाषेसाठी मात्र असे जादा सेकंद कुठे नाहीत. ज्याने इंग्रजीत पहिला धडा पहिलीत वाचला आणि ज्याचं इंग्रजी कॉलेजात गेल्यावर सुरू झालं, त्या दोघांसमोर घड्याळ एकच असतं. हे न्याय्य आहे असं मला वाटत नाही, आणि या नोव्हेंबरपर्यंत ते बदलेल असंही नाही.

बदललंय ते एवढंच, की रूममेट आता मॉकनंतर डोक्याबद्दल बोलत नाही, शीटबद्दल बोलतो. १८, ४८, १०९ हे आकडे त्या त्या वेळी माणसांनी आपल्या सोयीने ठरवले, हे त्याला ठाऊक आहे. परीक्षेच्या दिवशी तो चौथा उतारा न वाचता पुढे जाणार आहे, आणि ते त्याने आत्ताच ठरवून ठेवलंय.