फिल्टर लावलेल्या मोबाइल छायाचित्राची मोठी प्रिंट घरच्या घरी

घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती जाते आणि भिंतीवर लावण्याजोग्या छायाचित्राचा शोध सुरू होतो. अल्बममधली छायाचित्रे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची निघतात. अलीकडचे हसरे म्हणावे असे एकच सापडते; तेही कुणा भाच्याने फोनवर टिपलेले, जुनाट पिवळसर फिल्टर लावलेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले. फोनच्या पडद्यावर ते सुरेख दिसते. ए-फोर कागदावर छापले की चेहऱ्यावर चौकटी उमटतात आणि कडेचा काळपटपणा डागासारखा दिसू लागतो. असे का होते आणि घरच्या प्रिंटरवर त्यावर काय उपाय करता येतो, हे पाहू.

सगळा खेळ पिक्सेलचा, म्हणजे छायाचित्रातील बिंदूंचा आहे. हातात धरून पाहायच्या प्रिंटला दर इंची ३०० पिक्सेल असावेत, असा प्रघात आहे. साधारण फूटभर अंतरावरून माणसाच्या डोळ्याला त्याहून बारीक बिंदू वेगळे दिसत नाहीत. पाहणारा जसा मागे सरकतो, तशी ही गरज कमी होते. एक मीटरवरून पाहायच्या तसबिरीला दर इंची ९० ते १०० पिक्सेलही पुरतात. प्रिंटरच्या खोक्यावर छापलेला ४८०० हा आकडा शाईच्या थेंबांचा असतो. त्याचा छायाचित्रातील पिक्सेलशी गोंधळ करू नये.

आता हिशेब मांडू. १२ मेगापिक्सेलच्या फोनमधील मूळ छायाचित्र ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचे असते. ते १३ बाय १० इंचांपर्यंत निर्धास्त छापता येते. ते मोठे करण्याची गरजच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्राची लांब बाजू मात्र साधारण १६०० पिक्सेलवर येते. ते ८ बाय ६ इंचांत छापल्यास दर इंची २०० पिक्सेल मिळतात. म्हणजे निभावून जाते. खरी पंचाईत इन्स्टाग्रामवरच्या जुन्या छायाचित्रांची. २०१० मध्ये हे अ‍ॅप आले तेव्हा त्यावर चढणारे चौकोनी छायाचित्र अवघे ६१२ बाय ६१२ पिक्सेलचे असे. ते ८ इंचांत छापायचे, तर दर इंची जेमतेम ७६ पिक्सेल हाती उरतात.

म्हणून पहिला उपाय संगणकावरचा नाही. ज्याने छायाचित्र काढले, त्याला फोन करावा. मूळ फाइल त्याच्याकडे अजून असण्याची शक्यता असते. ती त्याने डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावी, म्हणजे तिचा आकार घटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये एचडीचा पर्याय दिला, पण त्यातही फाइल थोडी दाबली जातेच. फोनच्याच गॅलरीत फिल्टर लावलेला असेल, तर बहुतेक फोनमध्ये तो काढून मूळ रूप परत मिळवता येते. या एका फोनने जे साधते, ते पुढच्या सर्व खटाटोपाने साधत नाही.

मूळ फाइल मिळालीच नाही, तर फिल्टरचे काय, हा प्रश्न उरतो. फिल्टर केवळ रंग बदलत नाही. तो गडद भाग आणखी काळे करतो, उजळ भाग पांढरेफटक करतो, कधी वरून कृत्रिम दाणे पेरतो. काळ्यात बुडालेला तपशील परत येत नाही. शिवाय जेपीईजी फाइल छायाचित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून ती माहिती दाबते. मोठे करताना हे तुकडे आणि दाणे दोन्ही मोठे होतात. त्यामुळे आधी हलक्या हाताने दाणे व चौकटी कमी कराव्यात, मग आकार वाढवावा आणि रेखीवपणा अगदी शेवटी, छपाईच्या आकारावर आणावा. क्रम उलटला की कडांभोवती पांढऱ्या रेषा उमटतात. मधल्या टप्प्यांवर फाइल पुनःपुन्हा जेपीईजीत जतन करू नये. टिफ किंवा पीएनजी वापरावे. मूळ फाइल हाती आली असेल, तर आवडीचा रंगपरिणाम आकार वाढवल्यानंतर नव्याने द्यावा.

आकार वाढवण्याची जुनी रीत म्हणजे शेजारच्या पिक्सेलांवरून मधला पिक्सेल अंदाजाने भरणे. फोटोशॉपमधील बायक्यूबिक पर्याय हेच करतो. दुपटीपर्यंत तो प्रामाणिक वाटतो, पुढे छायाचित्र मऊ पडते. २०२१ मध्ये अ‍ॅडोबीने ‘सुपर रिझोल्यूशन’ आणले. त्यात प्रत्येक बाजू दुप्पट, म्हणजे एकूण पिक्सेल चौपट होतात. अपस्केल हे याच धर्तीचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ही साधने असंख्य छायाचित्रांवरून शिकलेली असतात आणि नसलेला तपशील रचून भरतात. साडीच्या काठाला, झाडाच्या पानांना ते शोभते. चेहऱ्याबाबत मात्र सावध राहावे. चेहरा सुधारण्याचा पर्याय सुरू ठेवला, तर सुरकुत्या पुसल्या जातात, डोळे कुणा वेगळ्याच माणसाचे होतात आणि मागच्या पाटीवरची देवनागरी अक्षरे अगम्य आकृत्या बनतात. आजीची प्रिंट पाहून नातवंडांनी ‘या कोण?’ असे विचारावे, यापेक्षा थोडी धूसर आजी बरी. तो पर्याय बंद ठेवावा आणि निकाल त्या व्यक्तीला रोज पाहणाऱ्या माणसाला दाखवावा.

मोठे केल्यावर त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसत असेल, तर अगदी बारीक दाणे वरून घालावेत. कागदावर ते दाणे म्हणून जाणवत नाहीत, पण चेहरा जिवंत वाटतो. तरीही समाधान होत नसेल, तर आकाराचा हट्ट सोडावा. ५ इंचांची स्वच्छ प्रिंट भोवती रुंद पांढरा माउंट देऊन मोठ्या चौकटीत बसवली, तर भिंतीवर उठून दिसते.

छपाईतली नेहमीची चूक म्हणजे फोटो पेपर घालून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये साधा कागद तसाच ठेवणे. शाईचे प्रमाण त्यावर ठरते, म्हणून कागदाचा प्रकार आवर्जून निवडावा. कमी पिक्सेलच्या छायाचित्राला चकचकीतपेक्षा मॅट कागद अधिक मानवतो, कारण दोष त्यात झाकले जातात. पडदा स्वतः उजळलेला असल्याने कागदावर छायाचित्र नेहमीच गडद वाटते. फिल्टरने आधीच काळे केलेले तर अधिकच. थोडे उजळ करून, फक्त चेहऱ्याचा भाग अंतिम आकारातच छोट्या कागदावर छापून पाहावा. बिनकडेची छपाई निवडल्यास प्रिंटर छायाचित्र किंचित मोठे करून कडा कापतो, हेही ध्यानात असावे.

प्रिंट निघताच चौकटीत घालण्याची घाई नको. ती रात्रभर उघडी सुकू द्यावी. काच थेट प्रिंटला टेकली, तर दमट हवेत शाई काचेला चिकटते. मध्ये माउंटची जाडी असावी आणि तसबीर उन्हाच्या समोरच्या भिंतीवर लावू नये.