दाट केसांचे कुत्रे आणि मोसमी केसगळती : निगा कशी राखावी?

फेब्रुवारी संपत आला की पशुवैद्यकीय दवाखान्यात एक तक्रार रोज ऐकू येते. "डॉक्टर, घरभर केसच केस झालेत. केर काढला की ओंजळभर निघतात. याला काही आजार तर नाही ना?" बहुतेक वेळा कुत्र्याला काहीही झालेले नसते. लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन, स्पिट्झ, हस्की अशा दाट केसांच्या जातींमध्ये ऋतू बदलताना केस गळणे ही नैसर्गिक क्रिया आहे.

मात्र याच काळात दोन चुका हमखास होतात. काही जण उन्हाळा आला म्हणून कुत्र्याचे सगळे केस मशीनने उतरवून टाकतात. काही जण 'याचे केस तर गळतातच' असे म्हणून खऱ्या आजाराकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतात. या दोन्ही चुका टाळता याव्यात म्हणून हा लेख.

दाट केसांची रचना कशी असते?

या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, जाड आणि थोडे राठ असतात. ते ऊन, पाऊस, धूळ व काटेकुटे यांपासून त्वचेचे रक्षण करतात. त्याखाली कापसासारख्या मऊ, आखूड केसांचा दाट थर असतो. याला आपण आतली लव म्हणू. थंडीत शरीराची ऊब टिकवण्याचे काम ही लव करते. मोसमी केसगळतीत सोफ्यावर आणि कपड्यांवर जे पुंजके दिसतात, ते प्रामुख्याने याच लवेचे असतात.

याउलट पूडलसारख्या कुत्र्याचा केस दीर्घकाळ वाढतच राहतो. तो कमी गळतो, पण नियमित कापावा लागतो. म्हणून शेजारच्या पूडलचे केस कापतात, तर आपल्या स्पिट्झचेही कापावेत, हा हिशेब चुकीचा आहे.

केस ठरावीक काळातच जास्त का गळतात?

प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, विश्रांती घेतो आणि शेवटी गळून पडतो. हे चक्र मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालते. तापमानाचा परिणाम त्यानंतर येतो. थंडी संपून दिवस मोठा होऊ लागला की हिवाळ्याची लव सुटते. पावसाळा संपून दिवस लहान होऊ लागला की पुन्हा केस बदलतात.

थंड देशांत उन्हाळा आणि हिवाळा यांच्या दिवसांत मोठा फरक असतो, त्यामुळे तिथे केसगळतीचे दोन हंगाम स्पष्ट दिसतात. महाराष्ट्रात सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे १३ तासांचा असतो. त्यात फ्लॅटमधले कुत्रे रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या उजेडात असते. म्हणून आपल्याकडे अनेक कुत्र्यांचे केस वर्षभर थोडे थोडे गळतात आणि ऋतुबदलाच्या वेळी काही आठवडे जास्त गळतात.

मादीला पिल्ले झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी, तसेच मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर काही आठवड्यांनीही केस भरपूर गळू शकतात. मूळ कारण दूर झाले असेल तर ते पुन्हा येतात.

विंचरायचे कसे?

केसगळती औषधाने थांबत नाही आणि थांबवायचीही नसते. सुटलेला केस जमिनीवर पडण्याआधी कंगव्यात आला पाहिजे, एवढेच आपल्या हातात आहे.

• किती वेळा : एरवी आठवड्यातून दोन-तीनदा, केसगळतीच्या हंगामात रोज १० ते १५ मिनिटे.

• साधने : बारीक, वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि लांब दातांचा धातूचा कंगवा एवढे बहुतेक घरांना पुरते. लव फारच दाट असेल तर अंडरकोट रेक नावाचा दाताळ्यासारखा कंगवा मिळतो. धारदार पात्याची साधने सतत वापरल्यास वरचे चांगले केस तुटतात.

• पद्धत : वरवर ब्रश फिरवल्यास बाहेरचे केस चमकतात, पण आतली लव तशीच राहते. एका हाताने केस वर धरून भांग पाडावा, त्वचा दिसली पाहिजे. मग खालचे केस थोडे थोडे सोडत केसांच्या दिशेने विंचरावे. त्वचेवर ब्रश घासू नये. त्याने ओरखडे उठतात.

• विसरल्या जाणाऱ्या जागा : कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागे, शेपटीच्या बुडाशी आणि गळपट्ट्याखाली. गाठी इथेच होतात.

• गाठ झाली असेल तर : ती बोटांनी हळूहळू सोडवून टोकाकडून कंगवा लावावा. कात्री लावू नये. गाठीत त्वचाही ओढली गेलेली असते आणि कात्रीने ती सहज कापली जाते. अशा जखमा शिवायला आलेली कुत्री आम्ही नेहमी पाहतो.

विंचरताना तुमचे हात कुत्र्याच्या संपूर्ण अंगावरून फिरतात. गोचीड, लहान गाठ, जखम, लाल चट्टा हे सर्व सर्वांत आधी इथेच सापडते. गोचिडांमुळे एर्लिकिया आणि बबेसिया यांसारखे जिवावर बेतणारे रक्ताचे आजार होतात. दाट केसांत गोचीड दिसत नाही, बोटांना लागते. म्हणून कानाच्या आत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांतही रोज पाहावे.

अंघोळ किती आणि कशी?

निरोगी कुत्र्याला साधारण चार ते सहा आठवड्यांतून एकदा अंघोळ पुरते. अंघोळीआधी विंचरणे आवश्यक आहे, कारण ओल्या गाठी आवळून घट्ट होतात. पाणी कोमट असावे. शाम्पू कुत्र्यांसाठी बनवलेलाच वापरावा. कुत्र्याची त्वचा माणसापेक्षा पातळ असते आणि तिचा सामूही वेगळा असतो. आपल्या साबणाने ती कोरडी पडून खाजू लागते. शाम्पू पूर्ण निघेपर्यंत धुवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाळवणे. वरचे केस कोरडे वाटतात, पण आतली लव तासन्‌तास ओली राहते. पावसाळ्यात फिरून आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हेच घडते. त्या दमट जागी जंतू वाढतात आणि कुत्रे चाटून, खाजवून काही तासांत तळहाताएवढी ओली, लाल, दुखरी जखम करून घेते. टॉवेलने पाणी टिपून, पंख्याखाली किंवा ड्रायरच्या कमी तापमानावर मुळापर्यंत केस वाळवावेत.

उन्हाळ्यात सगळे केस काढावेत का?

नाही. एका उन्हाळ्यात एका कुटुंबाने आपल्या पांढऱ्या स्पिट्झला तपासायला आणले होते. 'बिचाऱ्याला गरम होतं' म्हणून मे महिन्यात त्याचे केस पूर्ण उतरवले होते. दोन दिवसांत पाठ उन्हाने लाल झाली. त्वचा बरी झाली, पण दिवाळी आली तरी पाठीवर केसांचे विरळ ठिपकेच होते. पूर्ण केस यायला पुढचे वर्ष उजाडले. घरच्यांनी हे प्रेमापोटीच केले होते, म्हणूनच ते अधिक हळहळले.

दाट केस मुळापासून काढल्यावर ते यायला काही वेळा वर्षाहून अधिक काळ लागतो. कधी फक्त लव येते आणि वरचे केस येतच नाहीत. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करते. त्यामुळे केस काढून फारसा गारवा मिळत नाही, उलट त्वचा उघडी पडते. सुटलेली लव नीट विंचरून काढली की केसांतून हवा खेळते. उन्हाळ्याची खरी तयारी हीच. तळव्यांमधले आणि शेपटीखालचे केस मात्र स्वच्छतेसाठी कापायला हरकत नाही. जखम, शस्त्रक्रिया किंवा न सुटणाऱ्या जटा असतील तर केस काढावे लागतात. तो निर्णय पशुवैद्याने घ्यावा.

उष्माघात ओळखा

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी किंवा भान हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी :

• लगेच सावलीत न्या आणि साधे नळाचे पाणी अंगभर ओता. दाट केसांत पाणी त्वचेपर्यंत पोहोचेल असे पाहा; पोट आणि जांघा ओल्या करा.
• पंखा लावा. बर्फात ठेवू नका. ओला टॉवेल अंगावर तसाच पांघरून ठेवू नका. त्याखाली उष्णता कोंडते.
• शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी प्यायला द्या. तोंडात बळेच ओतू नका.
• थंड करणे सुरू ठेवूनच दवाखाना गाठा. बरे वाटले तरी तपासणी टाळू नका.

हे टाळण्यासाठी उन्हाळ्यात फिरणे सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर असावे. बंद गाडीत कुत्र्याला पाच मिनिटेही ठेवू नये.

आहाराचा संबंध आहे का?

आहे. केस हा प्रथिनांचाच बनलेला असतो. दूध-पोळी किंवा दूध-भात एवढ्यावर वाढवलेल्या कुत्र्यांचे केस अनेकदा निस्तेज, ठिसूळ आणि विरळ होतात. अंडी, चिकन, मासे यांतून किंवा संतुलित तयार खाद्यातून प्रथिने मिळायला हवीत. घरी मांसाहार होत नसेल तर पशुवैद्याकडून आहार ठरवून घ्यावा. ओमेगा-३ पूरक काही कुत्र्यांना उपयोगी पडते, पण मात्रा वजनावर ठरते. आपल्या जेवणातले कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहेत, हे लक्षात असू द्या.

घरात दमा किंवा अ‍ॅलर्जीचा रुग्ण असेल तर?

अ‍ॅलर्जी केसाची नसते. कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि लघवीत असलेल्या प्रथिनांची असते. केस ती प्रथिने घरभर नेतात. म्हणून 'कमी केसांचे कुत्रे चालते' हे खात्रीने सांगता येत नाही. केसगळतीच्या दिवसांत पुढील काळजी घ्या :

• विंचरण्याचे काम रुग्णाने करू नये. ते गच्चीत किंवा अंगणात, घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने करावे आणि नंतर कपडे बदलावेत.
• रुग्णाच्या झोपण्याच्या खोलीत व अंथरुणावर कुत्र्याला येऊ देऊ नये.
• कोरडा झाडू मारल्याने कण हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसावे किंवा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरावा. गालिचे आणि जाड पडदे कमी करावेत.
• कुत्र्याचे अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवावे.

रुग्णाच्या डॉक्टरांना घरात कुत्रे असल्याचे जरूर सांगा. इनहेलर स्वतःच्या मनाने बंद करू नका. एवढे करूनही रात्री खोकला, छातीत घरघर किंवा वारंवार दम लागत असेल तर अ‍ॅलर्जीची तपासणी करून घ्या. कधी कधी कुत्र्याला नातेवाइकांकडे ठेवण्याचा अवघड निर्णय घ्यावा लागतो. तो भांडणातून किंवा घाईत न होता तपासणीच्या आधारे व्हावा.

पशुवैद्याकडे केव्हा न्यावे?

मोसमी केसगळतीत केस अंगभर सारखे विरळ होतात, त्वचा निरोगी दिसते आणि खाज नसते. पुढीलपैकी काहीही आढळल्यास तपासणी करा :

• ठरावीक जागी टक्कल पडणे, खपल्या, पू किंवा दुर्गंधी.
• सतत खाज. झोपेतून उठून खाजवणे.
• दोन्ही बाजूंना सारखेच केस जाणे, शेपटी उघडी पडणे, वजन वाढणे, मरगळ. हे थायरॉइडच्या कमतरतेचे लक्षण असू शकते.
• खूप पाणी पिणे, खूप लघवी, पोट सुटणे आणि केस विरळ होणे. यात कुशिंग आजाराची शक्यता असते.
• गोलाकार, केस तुटलेले चट्टे. हे गजकर्ण असू शकते. ही बुरशी माणसांनाही लागते. घरातल्या कोणाच्या अंगावर लाल, गोल, खाजरे चट्टे उठले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दुकानातून आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम लावू नका. त्याने गजकर्ण चिघळते.
• खरजेमुळे कानाच्या कडा, कोपरे आणि पोटावर तीव्र खाज. ही खाज काही दिवस घरच्यांनाही होऊ शकते.

घरगुती उपायांबद्दल सावधगिरी

गोचीड मारण्यासाठी रॉकेल, फिनेल किंवा फवारणीचे कीटकनाशक अंगाला लावू नका. त्वचा भाजते, आणि चाटल्याने पोटात जाऊन विषबाधा होते. टी ट्री तेलही टाळावे. खोबरेल तेल फारसे अपाय करत नाही, पण दाट केसांत ते धूळ धरते आणि गाठी वाढवते. गोचिडांची औषधे कुत्र्याचे वजन व वय पाहून पशुवैद्याकडूनच घ्यावीत. घरात मांजर असल्यास तसे सांगावे. कुत्र्याची काही औषधे मांजरासाठी प्राणघातक ठरतात.

केसगळतीचे हे काही आठवडे कंटाळवाणे असतात, पण रोजची ती १५ मिनिटे वाया जात नाहीत. कुत्रे शांत बसते, तुमच्या हाताला त्याचे अंग ओळखीचे होते आणि काही बिघडले तर ते लवकर कळते. पहिले काही दिवस पाच मिनिटांपासून सुरुवात करा, शेवटी त्याला आवडीचा खाऊ द्या आणि सवय होऊ द्या.