केमोच्या गोळ्या : मुंबई उपनगरांतील ज्येष्ठांचे घरचे उपचार

कर्करोगावरील औषध शिरेतून न देता गोळी वा कॅप्सूल म्हणून पोटात घेण्याची पद्धत. अशा सगळ्याच औषधांना घरोघरी ‘केमोच्या गोळ्या’ म्हणतात. पण त्यांत कॅपेसिटाबिन, मेथोट्रेक्सेट ही केमोची औषधे, इमॅटिनिब, गेफिटिनिब ही लक्ष्यवेधी औषधे आणि टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, ॲबिरॅटेरॉन ही हॉर्मोनसंबंधी औषधे येतात.

बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या वयस्कर रुग्णांना पहिला दिलासा मिळतो तो प्रवासाचा. लोकलच्या दिव्यांग डब्यात कर्करुग्णांना मुभा असली, तरी परळ गाठून दिवसभर सलाइन लावून घेणे सत्तरीनंतर झेपत नाही. परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयाने (स्थापना १९४१) डोके-मानेच्या, बरा न होण्याच्या टप्प्यातील कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट व रोज दोनदा सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक तोंडाने घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने, तर शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने भरले. गंभीर त्रासही गोळ्यांच्या गटात कमी झाला. किमतीची लढाईही मुंबईशी निगडित आहे : मार्च २०१२ मध्ये येथील पेटंट कार्यालयातून नॅटको या औषध कंपनीला सोराफेनिब या कर्करोगावरील गोळीचा सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला.

गोळी घरी आली की परिचारिकेचे काम घरच्यांवर येते, बहुधा पत्नीवर किंवा सुनेवर. सर्वांत घातक चूक वाराची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. बीपीच्या गोळीसारखे रोज घेतले गेले तर रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या ‘कालनिर्णय’वर तो वार लाल पेनाने घेरून ठेवणे आणि गोळी घेतल्यावर लगेच खूण करणे, हा साधा उपाय फार मोलाचा आहे. स्ट्रिपवरचे बारीक इंग्रजी नाव मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना वाचता येत नाही; डोस ठळक मराठीत लिहून देणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

कॅपेसिटाबिन बहुधा १४ दिवस सकाळ-संध्याकाळ घेऊन ७ दिवस थांबवतात. ते जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यायचे, त्यामुळे एकादशी-चतुर्थीच्या उपवासाचे काय, हे आजींनी डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे. ॲबिरॅटेरॉनचे उलटे : आधी दोन तास व नंतर एक तास पोटात काही नको. ॲसिडिटीवर परस्पर घेतलेल्या गोळीने गेफिटिनिबचा परिणाम कमी होतो. राहिलेला डोस भरून काढायला पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. वयानुसार मूत्रपिंडाची क्षमता उतरते, औषध शरीरात साचते. म्हणून पुढच्या फेरीआधी रक्ततपासणी चुकवून चालत नाही. ती घराजवळच्या लॅबमध्ये होऊ शकते.

कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. पोळी लाटणे, चपला घालणे अवघड होते. बोटांचे ठसेही पुसट होतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना अंगठा उमटत नाही तेव्हा पेन्शनर गांगरतात. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय त्यांच्या उपयोगाची आहे.

गोळ्या कुटू नयेत, कॅप्सूल उघडू नयेत; घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्यांना हात लावू नये. पावसाळ्यात त्या मूळ वेष्टनात, कोरड्या जागी ठेवाव्यात.

ज्येष्ठ माणसे त्रास अंगावर काढतात, पोरांच्या कामाचा खोळंबा नको म्हणून. मात्र अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, जुलाब थांबत नसतील किंवा तोंड येऊन पाणीही गिळवत नसेल, तर पुढची गोळी घेण्याआधी रुग्णालयाला फोन करावा. ताप असल्यास रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.