अंतरिम जामीन आणि गैरहजर फिर्यादी

रायपूरच्या सत्र न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी १९५६ पर्यंत नागपूरच्या उच्च न्यायालयात जावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते ठिकाण जबलपूर झाले आणि १ नोव्हेंबर २००० पासून बिलासपूर. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत जामिनाचा निर्णय कसा होत आला हे पाहू लागलो, तेव्हा न्यायालयांची गावे बदलूनही एक रीत दीर्घकाळ तशीच राहिल्याचे दिसले. सुनावणीत आरोपीचा वकील असे, सरकारी वकील असे आणि समोर पोलिसांची केस डायरी असे. जिच्यावर अत्याचार झाला, तिला बोलावण्याचे कोणावर बंधन नव्हते.

‘अंतरिम जामीन’ हा प्रकार मुख्यतः न्यायालयांच्या व्यवहारातून घडला. अर्ज आला की सरकारी वकिलास नोटीस जाते, ठाण्यातून डायरी मागवली जाते आणि त्यात दिवस जातात. तोवर आरोपीस सोडावे काय? जामिनाच्या अधिकारात अंतरिम जामिनाचा अधिकार अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये लाल कमलेंद्र प्रताप सिंह प्रकरणात सांगितले. दुसरा प्रकार ठराविक मुदतीचा : गंभीर आजार, घरातील मृत्यू, अपत्याचा विवाह. येथे गुन्ह्याच्या गुणदोषांत न्यायालय फारसे शिरत नाही. आईच्या अंत्यविधीसाठी पोलीस पहाऱ्यात दोन दिवस सोडण्यास माझा आक्षेप नाही. दोष सिद्ध होईपर्यंत तो आरोपीच असतो. पण तो परततो ते बहुधा फिर्यादीच्याच गावी, आणि साक्ष फिरवण्यास पंधरवडाही पुरतो.

१९७२ च्या देसाईगंज पोलीस ठाण्यातील अत्याचाराचे प्रकरण मराठी वाचकांस ठाऊक आहेच. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडल्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि पुढे १९८३ ची दुरुस्ती झाली. तिने कोठडीतील बलात्कारात संमतीविषयीचे गृहीतक बदलले, सुनावणी बंद दालनात नेली, पीडितेचे नाव छापण्यास मनाई केली. जामिनाच्या सुनावणीत मात्र तिला स्थान मिळाले नाही. विनयभंग तर केंद्राच्या अनुसूचीप्रमाणे २०१३ पर्यंत जामीनपात्रच होता!

बदल आला तो तुकड्यातुकड्यांनी. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील कलम १५-अ २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले आणि पीडितेला जामिनासह प्रत्येक कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क आला. छत्तीसगडमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास एकतृतीयांश लोकसंख्या आदिवासी आहे, तेव्हा येथे हे कलम किती महत्त्वाचे ते वेगळे सांगणे नलगे. २०१८ मध्ये सोळा वर्षांखालील मुलींवरील बलात्काराच्या प्रकरणांत अटकपूर्व जामिनाचा मार्ग बंद झाला आणि जामिनाच्या सुनावणीस फिर्यादीची किंवा तिच्या प्रतिनिधीची उपस्थिती बंधनकारक झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हा भाग आहे.

मध्यंतरी ३० जुलै २०२० रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीस, त्याने फिर्यादीच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी या अटीवर जामीन दिला. मला हा आदेश न्यायापेक्षा गावपंचायतीतल्या मांडवलीच्या जवळचा वाटतो. १८ मार्च २०२१ रोजी अपर्णा भट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. आरोपीचा फिर्यादीशी संपर्क घडवणारी अट नको, तडजोड वा विवाह सुचवू नये, जामीन झाल्यास तिला तत्काळ कळवून दोन दिवसांत आदेशाची प्रत द्यावी, असे निर्देश दिले.

येथून पुढचे काम प्रशासनाचे. नोटीस नेणारा शिपाई ठाण्याचाच. मुलगी आश्रयगृहात किंवा मामाच्या गावी गेलेली असते आणि ‘पत्त्यावर आढळली नाही’ हा शेरा लिहिण्यास क्षणही लागत नाही. मुदतवाढीच्या अर्जाची सूचना तर अधिकच सहज राहून जाते. प्रत पोहोचली तरी ती बहुधा इंग्रजीत असते, आणि घरी बोली असते गोंडी किंवा छत्तीसगढी. ती वाचून दाखवण्याचे काम कोणाकडे, हे त्या प्रतीसोबतच लेखी ठरवून द्यावे लागेल.