पंप, टाकी आणि दोन नळ्या

दोन वर्षांपूर्वी गणपतीत गावी गेलो होतो. जेवणं आटोपल्यावर काकांनी मला गच्चीवर बोलावलं. "अरे, तू इंजिनियर ना, नेटवर जरा एक बघून सांग," म्हणाले, आणि मग पाच मिनिटं पाऊस, भात आणि माझा पगार यांवर बोलत राहिले. मग एकदम रस्त्याकडे बघत म्हणाले, "बारा वर्षं शुगर आहे. तीन वर्षं झाली, ते होत नाही." भिंतीवरची जाहिरात वाचून एका दवाखान्यात त्यांनी चाळीस हजार रुपये घातले होते. मिळाल्या त्या पुड्या. "कोणीतरी म्हणालं, ऑपरेशन करून आत मशीन बसवतात. खरं असतं का रे?"

मी हसलो नाही, याचं आजही बरं वाटतं. हॉस्टेलच्या चार वर्षांत या विषयावर आम्ही फक्त हसलोच होतो. त्या रात्री मोबाइल घेऊन बसलो आणि जे वाचत गेलो ते हे.

गोष्ट बरगडीपासून सुरू होते. कुत्रा, अस्वल, वॉलरस अशा कितीतरी सस्तन प्राण्यांच्या लिंगात हाड असतं. माणसात ते नाही. 1936 साली निकोलाय बोगोराझ या रशियन सर्जनने लिंग गमावलेल्या एका रुग्णासाठी कातडीची नळी करून नवं लिंग घडवलं आणि ताठपणा यावा म्हणून त्यात बरगडीची कूर्चा घातली. या बोगोराझचे स्वतःचे दोन्ही पाय 1920 साली ट्रामखाली गेले होते. कृत्रिम पायांवर उभा राहून तो शस्त्रक्रिया करत असे. शरीराचा भाग जाणं म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पण कूर्चा टिकत नाही. शरीर ती हळूहळू शोषून घेतं.

मग शरीर पचवू शकणार नाही अशा वस्तू आल्या. 1950च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅक्रिलिकच्या कांड्या वापरून झाल्या. त्या कातडीखाली ठेवत, मग सरकत, टोचत, कधी कातडी फाडून बाहेर येत. चूक वस्तूइतकीच जागेचीही होती. लिंगात दोन लांबट, स्पंजासारखे कप्पे असतात आणि त्यांच्याभोवती एक चिवट आवरण. रक्त आत भरतं, स्पंज फुगतो, आवरणाच्या आतल्या बाजूला शिरा दाबल्या जातात, रक्त परत जात नाही. सायकलची ट्यूब टायरमध्ये फुगून घट्ट होते, तसंच. कांडी घालायची तर या टायरच्या आत. कैरोच्या बेहेरी या सर्जनने नेमकं तेच केलं आणि पॉलिथिनच्या कांड्यांचा आपला अनुभव 1966 साली प्रसिद्ध केला. पुढे 1975 मध्ये मायामीच्या स्मॉल आणि कॅरियन यांनी मऊ सिलिकॉनच्या कांड्या आणल्या.

अडचण एकच, कांडी कायम कांडीच राहते. पँटमध्ये, बसमध्ये, ऑफिसात, सगळीकडे.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. 1973 साली ह्यूस्टनचे यूरॉलॉजिस्ट ब्रँटली स्कॉट यांनी मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम ब्रॅडली आणि अभियंता जेराल्ड टिम यांच्याबरोबर फुगवता येणारं यंत्र जगासमोर आणलं. कप्प्यांमध्ये दोन पोकळ नळ्या, पोटात मूत्राशयाजवळ सलाइनची छोटी टाकी, अंडकोषाच्या पिशवीत पंप. पंप दाबला की पाणी टाकीतून नळ्यांत. झालं की पाणी परत. म्हणजे शरीर रक्ताने करत होतं तेच काम पाण्याने. सुरुवातीला फुगवायला एक आणि रिकामं करायला दुसरा असे दोन पंप होते. नळ्या गळत, जोड निखळत. पुढची कित्येक वर्षं हेच दुरुस्त करण्यात गेली. 2001 पासून अँटिबायोटिकचा लेप दिलेली यंत्रं मिळू लागली आणि जंतुसंसर्गाची भीती बरीच कमी झाली.

या यंत्राने आणखी एक काम केलं. तोवर ही तक्रार बहुतेक वेळा मनाचीच समजली जाई. 'टेन्शन घेऊ नका' हाच उपचार. 1983 साली लास वेगासच्या परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली याने स्वतःला औषध टोचून घेतलं आणि भाषण देता देता पँट खाली करून परिणाम सभागृहाला दाखवला. प्रसंग विनोदी, मुद्दा गंभीर: कुठलाही कामुक विचार न करता, नुसत्या औषधाने ताठरता येते. म्हणजे प्रश्न रक्तवाहिन्यांचाही आहे. 1998 मध्ये व्हायग्रा आली आणि बहुतेकांना ऑपरेशनची गरजच उरली नाही. इम्प्लांट शेवटचा उपाय झाला. गोळी, इंजेक्शन काहीच चालत नाही त्यांच्यासाठी.

परदेशी यंत्र महाग. म्हणून मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शाह यांनी स्वस्त सिलिकॉनची देशी कांडी तयार केली. तिच्यावरची आवरणं काढून जाडी कमी-जास्त करता येते. पंप नाही, टाकी नाही, बिघडायला फारसं काही नाही. आपल्याकडच्या खिशाचा विचार करून केलेलं डिझाइन.

काकांना मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं की इम्प्लांटने लांबी वाढत नाही आणि इच्छा निर्माण होत नाही. स्पर्श बहुधा शाबूत राहतो, पण एकदा बसवल्यावर नैसर्गिक ताठरता परत मिळत नाही. यंत्र दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागू शकतं. आणि सर्वांत आधी सांगितलं की मधुमेहात असं होणं ही कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, तेव्हा पुड्या बंद आणि खरा डॉक्टर.

ते गेले, काकूंना बरोबर घेऊन गेले. हृदयाची तपासणी झाली, शुगर आटोक्यात आली, गोळीवर भागलं. यंत्राची वेळ आली नाही. पण त्या रात्री बोगोराझची गोष्ट ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे एवढी शहाणी माणसं यावर डोकं घालत होती? आणि मी तीन वर्षं समजत होतो, हे फक्त माझंच झालंय."