मुलींसाठी ऐच्छिक गणित

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, आमच्या खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. वाढले ते मुरुडला, दापोलीकडे. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी काय केले ते शाळेतली मुलेही सांगतात. पण त्यांचा पेशा गणित शिकवण्याचा होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. 1891 पासून 1914 पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. त्या पिढीत रत्नागिरी जिल्ह्याने गणिताची माणसे जणू घाऊक पुरवली. टिळक गणित शिकवत. कोतळूकच्या गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक कितीतरी शाळांत चालले. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, जे कर्व्यांच्या नात्यातले, 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

आता पुढची गोष्ट बघा. 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, आजचे एसएनडीटी. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती आणि तो नमुना त्यांना पटला. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीची, गृहशास्त्र आणि आरोग्य सक्तीचे. आणि गणित? ऐच्छिक. ज्या माणसाने तेवीस वर्षे मुलांना गणित शिकवले, त्यानेच मुलींसाठी ते ऐच्छिक केले. या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू कोण, तर तेच रँग्लर परांजपे!

यात कर्व्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला गणित सक्तीचे होते. घरकाम सांभाळून, लवकर लग्न होऊन शिकणाऱ्या मुली त्यात अडकत आणि शिक्षणच सुटे. काहीच न मिळण्यापेक्षा गणिताशिवाय पदवी बरी, असा तो हिशेब. त्या काळापुरता मला तो समजतो. शिवाय हुजूरपागेत मुलींना मुलांसारखेच विषय शिकवण्यावर खुद्द टिळकांनी टीका केली होती. त्या वातावरणात कर्वे कितीतरी पुढे होते. मात्र त्या विद्यापीठाला कायद्याने दर्जा मिळायला 1951 उजाडले. तोवर तिथली पदवी घेतलेल्या मुलीला पुढे कुठे जाता येई, याचा विचार करावा.

हे सगळे आठवण्याचे कारण आमच्या मोहल्ल्यातले एक घर. वडील आखातात, आई आणि मुलगी वर्षापूर्वी खेडला परतल्या. मुलगी सातवीच्या वयाची, तिकडच्या शाळेतून निघाली ती इथे शाळेत न जाता घरीच शिकते. दहावी मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून द्यायचे ठरले आहे. तिथे विषय निवडता येतात, गणित घेतलेच पाहिजे असे नाही. वडिलांनी फोनवर विचारले, "सर, मुलीची जात. तिला गणिताचा त्रास कशाला द्यायचा? गृहविज्ञान घेऊ का?"

माणूस प्रेमळ आहे. लेकीला त्रास नको, एवढेच त्याच्या मनात. पण हे शब्द मी शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यातून ऐकल्यासारखे ऐकले. आपल्या राज्य मंडळातही बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घ्यायची सोय होती, ती दहावीला 2018-19 पासून राहिली नाही. सीबीएसईने 2020 च्या परीक्षेपासून स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पर्याय दिले. सोय वाईट नसते. ती कुणाला सुचवली जाते, ते बघावे. माझ्या पाहण्यात "तुला हे झेपेल" असे आधी मुलींना सांगितले जाई. (अल-ख्वारिज्मीने बगदादमध्ये जबर-ओ-मुकाबला लिहिले, असे जलशात छाती फुगवून सांगणारे आमचे लोक घरात मात्र मुलीच्या हातून वही काढून घेतात. असो.)

मी त्यांना सांगितले ते असे. बारा वर्षांच्या मुलीचा दहावीचा विषय आज ठरवू नका. पॉलिटेक्निकला गणित लागते, अकरावी सायन्सला लागते, आणि ती काय होणार हे तिला तरी कुठे ठाऊक आहे? सातवी-आठवीसाठी बालभारतीची पुस्तके घ्या. तीच पुस्तके मराठी, उर्दू, इंग्रजीत आहेत आणि ई-बालभारतीवर फुकट मिळतात. तिचे आतापर्यंतचे शिक्षण इंग्रजीत झाले, आईचे उर्दूत. म्हणून दोन्ही प्रती शेजारी ठेवायच्या. ट्रँगल म्हणजे मुसल्लस, अँगल म्हणजे ज़ाविया. आईला अर्थ कळला की ती शिकवू शकते. मुलीचे अपूर्णांक कच्चे आहेत, तेव्हा आधी तीन महिने पाचवी-सहावीचे अपूर्णांक आणि गुणोत्तर, मग सातवी. वय सातवीचे म्हणून सातवीपासूनच सुरुवात करायची, हा हट्ट नको. आठवीच्या पुस्तकात पहिलाच धडा परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा आहे, अपूर्णांक कच्चे असतील तर गाडी तिथेच अडते.

वडील म्हणाले, "आणि एवढे करून नाहीच जमले तर?" मी म्हटले, एनआयओएसचा फॉर्म भरायला अजून दोन वर्षे आहेत. तेव्हा तिलाच विचारा. सध्या ती दर शनिवारी असरनंतर आईला घेऊन माझ्याकडे येते. गेल्या आठवड्यात तीन चतुर्थांशला एक द्वितीयांशने भागले की उत्तर मोठे कसे येते, यावर ती माझ्याशी अर्धा तास भांडली. आई हसत होती, पण वहीत तीही गणित मांडून बघत होती.