पांडवगड

सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यातील एक भग्न डोंगरी किल्ला. वाईच्या वायव्येस सु. ६ किमी.वर महादेव डोंगररांगेच्या एका फाट्यावर तो वसला असून त्याची समुद्रसपाटीपासून उंची सु. १,२७० मी. आहे. कृष्णा खोऱ्याच्या दक्षिणेस पाचगणीचे पठार असून, तेथील सिडने पॉइंटवरून धोम जलाशयापलीकडे किल्ल्याचा कातळमाथा दिसतो. उत्तरेकडील मांढरदेवची रांग ही नीरा व कृष्णा यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक होय. या दोन खोऱ्यांच्या सीमेवरील स्थान हेच किल्ल्याच्या महत्त्वाचे मुख्य कारण होते.

वाई म्हणजेच महाभारतातील विराटनगरी, अशी स्थानिक समजूत आहे. पांडवगड व जवळचा वैराटगड या नावांचा संबंध परंपरेने पांडवांच्या अज्ञातवासाशी जोडला जातो. या डोंगरावरील मनुष्यवस्ती किल्ल्याहून प्राचीन आहे, हे त्याच्या उतारावर धावडी गावाच्या हद्दीत असलेल्या बौद्ध लेण्यांवरून दिसून येते.

एका ताम्रपटाच्या आधारे किल्ल्याची उभारणी कोल्हापूरच्या शिलाहार वंशातील दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात केली, असे मानतात. चंदन, वंदन, वैराटगड व साताऱ्याचा अजिंक्यतारा या किल्ल्यांचे श्रेयही त्यालाच दिले जाते. पन्हाळा हे सत्ताकेंद्र असलेल्या या राज्याच्या उत्तर टोकास हे किल्ले एका साखळीसारखे येतात. त्यांच्यामागे देवगिरीच्या यादवांच्या वाढत्या सत्तेविरुद्ध सीमा बळकट करण्याचा हेतू असावा. तथापि यादव राजा सिंघण याने १२१२ च्या सुमारास भोजाचा पराभव करून पन्हाळा घेतला आणि शिलाहार राज्य संपुष्टात आले. त्याबरोबर ही सीमाही उरली नाही.

यादवांनंतर हा प्रदेश बहमनी व पुढे आदिलशाही अंमलाखाली गेला. वाई हे आदिलशाहीचे महत्त्वाचे ठाणे बनले व १६४८ च्या सुमारास पांडवगड वाईच्या मोकासदाराच्या ताब्यात होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर मराठे व आदिलशाही यांची सरहद्द पुन्हा याच मुलखात आली. प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी १६५९ मध्ये अफझलखानाने वाईस तळ दिला होता. दुसरा अली आदिलशाह १६७२ मध्ये मरण पावल्यानंतर विजापूरची सत्ता दुर्बळ झाली. पुढील वर्षी महाराजांनी पन्हाळा, परळी व सातारा यांसह पांडवगडही हस्तगत केला. औरंगजेबाच्या सैन्याने १७०० मध्ये साताऱ्याचा किल्ला घेतला. त्यानंतर १७०१ मध्ये पांडवगड मोगलांच्या स्वाधीन झाला.

शाहू महाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभी सेनापती चंद्रसेन जाधव व बाळाजी विश्वनाथ यांच्यात वितुष्ट आले. चंद्रसेनाच्या फौजेने पाठलाग केल्यामुळे बाळाजीने पुरंदरहून निघून पांडवगडाचा आश्रय घेतला. शाहू महाराजांनी हैबतराव निंबाळकर यास चंद्रसेनावर धाडून हे संकट निवारले. बाळाजीस १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले. किल्ल्याच्या इतिहासातील दूरगामी परिणामाची घटना ती हीच. मात्र या वेळी किल्ला राज्याच्या सीमेवर नसून अंतर्भागात होता. पुढे १८१७ मध्ये त्रिंबकजी डेंगळे याच्या बंडखोरांनी तो घेतला. एप्रिल १८१८ मध्ये मेजर थॅचर याच्या तुकडीपुढे तो शरण आला आणि त्याचे लष्करी जीवन संपले.

पांडवगडाच्या इतिहासात मोठ्या वेढ्यास स्थान नाही. तो शिलाहारांकडून गेला तो पन्हाळ्याच्या पराभवामुळे, मोगलांकडे गेला तो साताऱ्याच्या पाडावानंतर आणि इंग्रजांकडे गेला तो पेशवाईच्या अस्ताबरोबर. त्याचे भवितव्य प्रायः इतरत्र ठरत आले. खोऱ्यावर नजर ठेवणे व संकटसमयी आश्रय देणे, हे त्याचे खरे कार्य होते. दोन्ही खोरी एकाच सत्तेखाली आल्यावर या कार्याची गरज उरली नाही. समोरच्या पाचगणीच्या पठाराला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थंड हवेचे ठिकाण व पुढे निवासी शाळांचे केंद्र म्हणून नवे महत्त्व लाभले. पांडवगडास मात्र तसे नवे प्रयोजन मिळाले नाही.

सध्या गडावर भग्न दरवाजा, तटबंदीचे अवशेष, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा, मारुतीची मूर्ती आणि पांडजाई देवीचे मंदिर आढळते. पांडजाई ही परिसरातील लोकांची श्रद्धेय देवता असून तिच्यामुळेच गडाचा पायथ्याच्या गावांशी संबंध टिकून आहे. शिलाहारकालीन उत्तरसीमेचा अभ्यास केवळ ताम्रपटावरून पूर्ण होणारा नाही. त्यासाठी गडावरील टाकी व तटाचे पाये यांचीही साक्ष आवश्यक आहे. म्हणून या अवशेषांचे जतन अगत्याचे ठरते.